हे अंतर कोणी कापायचे?



गेल्या दिवाळीनंतर आपल्या धर्मग्रामाच्या शाळेतील एका खोलीत दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक लहानसा वर्ग भरत असे. शिकवणारी मुले-मुली जवळच्या महाविद्यालयातली, शिकणारी मुले मिठागरावर कामाला येणाऱ्या कुटुंबांतली. ही कुटुंबे डहाणू, तलासरी, विक्रमगडकडची. पाऊस संपला की येतात आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की परततात. खोली उघडणे, खडू पुरवणे आणि शेवटी मुलांच्या हातावर खाऊ ठेवणे एवढेच काम आम्हा चार निवृत्त शिक्षकांकडे होते. त्या वर्गात घडलेली एक साधी गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे कळायचे नाही.

विज्ञान शाखेत शिकणारा एक तरुण सातवीतल्या मुलीला शिकवत होता. त्याने विचारले, "बाष्पीभवन म्हणजे काय?" मुलीने मान खाली घातली. त्याने पुन्हा विचारले. ती तशीच. तो उठून आमच्याकडे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, हिचा पायाच कच्चा आहे. चौथीपासून घ्यावे लागेल." आम्ही मान डोलावली. तीस-पस्तीस वर्षे आम्हीही हेच म्हणत आलो होतो.

शेजारी बसलेल्या दुसऱ्या स्वयंसेविकेने सहज त्या मुलीला विचारले, "आईबाबा मिठागरावर काय करतात गं?" आणि मुलगी बोलू लागली. भरतीचे पाणी आत कसे घेतात, बांध कधी बंद करतात, पाणी उथळ का ठेवायचे, नुसत्या उन्हापेक्षा ऊन आणि वारा दोन्ही असले तर काम कसे लवकर होते, आभाळ भरून आले की आई का घाबरते, हे सगळे तिने सांगितले. शेवटी म्हणाली, "पाणी उडून जातं नि मीठ पिकतं."

खोलीत कोणी काही बोलले नाही. वारा असला की पाणी लवकर का उडते, हे आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलांनाही धड सांगता येत नसे. या मुलीला ते ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हता तो फक्त आमचा शब्द.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्यापुढे उभा आहे. शिकलेली माणसे वंचितांकडे शिक्षण घेऊन जातात तेव्हा तिथे नेमके काय होते? हे दान असते, उपकार असतो, की जुने देणे फेडणे असते? आणि शिकलेला माणूस व न शिकलेले मूल यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कोणी कापायचे?

हा प्रश्न आमच्याच खोलीत पहिल्यांदा निघाला असे मुळीच नाही. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. अणूच्या आणि आकाशाच्या गूढांवर काम करणारी ही देशातली नामवंत संस्था, आज तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या काही शास्त्रज्ञांना वाटले, आपल्या दारापासून थोड्याच अंतरावर महापालिकेच्या शाळा आहेत, तिथल्या मुलांपर्यंत विज्ञान का पोहोचत नाही? त्यातून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. आज त्याची मानखुर्दला स्वतःची वास्तू आहे, पण सुरुवातीची बरीच वर्षे ते नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत होते. ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. शास्त्रज्ञांनी मुलांना कुलाब्याला बोलावले नाही, ते स्वतः जिन्यावर मुलांचा गलका चालणाऱ्या इमारतीत जाऊन बसले.

तिथे बसल्यावर त्यांना काय दिसले? व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांतून फिरून, मुलांशी बोलून पाहिले, तेव्हा लक्षात आले की अनेक मुलांची अडचण विज्ञानाची नव्हतीच, ती पुस्तकातल्या भाषेची होती. मराठी माध्यमाची शाळा, मराठी पुस्तक, मराठी घर, तरीही पुस्तकाची मराठी मुलाला परकी. लांबलचक वाक्ये, संस्कृत जोडशब्द आणि एका वाक्यात तीन कल्पना. मग त्यांनी तोच मजकूर सोप्या मराठीत लिहून काढला आणि काही वर्गांत तो शिकवून पाहिला. विज्ञान तेच ठेवले, भाषा तेवढी बदलली. त्या वर्गांतली मुले अधिक बोलू लागली, प्रश्न विचारू लागली आणि परीक्षेतही त्यांची प्रगती दिसली. जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांतही या केंद्राने त्याच सुमारास काम केले. पुढे १९८० पासून महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी एक उपक्रम चालला. आठवीपासून शालान्त परीक्षेपर्यंत ती मुले नियमितपणे केंद्रात येत. ज्यांच्याकडून कोणी फारशी अपेक्षा केली नव्हती, अशी मुले मानाने उत्तीर्ण झाली. बुद्धी आधीपासून होतीच, वाट अडली होती ती दुसरीकडेच.

हे वाचताना आम्हाला आमचे बालपण आठवले. आपल्या वसईतल्या किती घरांत पुस्तकी मराठी बोलली जात होती? कोणाच्या घरी सामवेदी, कोणाच्या घरी वाडवळी. शाळेत पहिल्या दिवशी आपल्या घरातला एखादा शब्द तोंडातून निघाला आणि सारा वर्ग हसला, ही आठवण आपल्या धर्मग्रामात पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांकडे असेल. त्या हसण्याने काही जण जिद्दीला पेटले, पण काही जण गप्प झाले ते कायमचे. पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो आणि फळ्यापुढे उभे राहिल्यावर हे सारे विसरलो. "बाष्पीभवनाची व्याख्या लिहा" असा प्रश्न आम्ही किती वेळा घातला असेल, त्याचा हिशेब नाही. उत्तरपत्रिका कोरी आली की शून्य द्यायचो. त्या कोऱ्या पानांमागे मिठागर, वीटभट्टी किंवा सुकी मासळी वाळवणारी आई असेल, हे आमच्या मनातही आले नाही. ही कबुली देताना बरे वाटत नाही, पण ती दिल्याशिवाय इतरांना सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्याचे आहे. आता या जिल्ह्याला नर्मदापुरम म्हणतात. १९७२ साली तिथल्या १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक नवा उपक्रम सुरू झाला. रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी तो हाती घेतला. टाटा संस्थेतले संशोधन सोडून खेड्यात गेलेले अनिल सद्गोपाल किशोर भारतीचे संस्थापक. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सुट्टीत गाडीत बसून त्या खेड्यांत जात आणि गावच्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करून पाहत. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून प्रयोग कसा करायचा, हे सर्वांना मिळूनच शोधावे लागले. परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा असे, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. १९७८ पासून जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत हा उपक्रम गेला आणि १९८२ मध्ये त्याची धुरा सांभाळण्यासाठी एकलव्य ही संस्था निघाली.

त्या उपक्रमातली एक गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त आवडते. मुलांनी आपल्या मनातले प्रश्न पत्राने पाठवावेत म्हणून तिथे एक काल्पनिक माणूस निर्माण केला होता, त्याचे नाव सवालीराम. खेड्यातले मूल सवालीरामला पत्र लिही आणि त्याला खरेखुरे उत्तर येई. ते उत्तर शोधण्यासाठी मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसे डोके खाजवत. विचार करा, विद्यापीठ म्हटले की प्रश्न तिथले प्राध्यापक काढतात आणि उत्तरे विद्यार्थी देतात. इथे प्रश्न गावातल्या मुलाने काढला आणि परीक्षा प्राध्यापकाची झाली. आमच्या मते, शिक्षण घेऊन गरिबाकडे जाणे म्हणजे काय, हे या एका गोष्टीत सामावले आहे. जो नुसती उत्तरे घेऊन जातो तो वाटप करून येतो. जो समोरच्याचा प्रश्न ऐकून घेतो आणि त्यासाठी पुन्हा विद्यार्थी व्हायला तयार होतो, तोच जवळ जातो.

हा उपक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले. मग ते वाया गेले का? ज्या मुलाला आपला प्रश्न मोलाचा आहे हे एकदा कळले, त्याच्याकडून ती जाणीव आदेशाने परत घेता येत नाही. पण दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. शाळा बाहेरून येणाऱ्या चार चांगल्या माणसांवर आणि सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहिली, तर गरिबाच्या मुलाचे शिक्षण नेहमीच काठावर राहते. म्हणूनच हा प्रश्न नुसत्या चांगुलपणावर सोडून चालत नाही, तिथे न्यायाची भाषा आणावी लागते.

न्यायाची भाषा म्हणजे कोणती? जरा हिशेब मांडून पाहू. आपली विद्यापीठे आणि महाविद्यालये मोठ्या प्रमाणात सरकारी पैशावर उभी राहिली. तो पैसा करातून येतो. मिठागरावरचा मजूर आयकर भरत नसेल, पण साबणाच्या वडीवर, चपलेच्या जोडावर, मोबाईलच्या रिचार्जवर तोही कर भरतोच. म्हणजे ज्या विद्यापीठाचे फाटक त्याने कधी पाहिले नाही, त्याच्या भिंतीत त्याचीही एक वीट आहे. त्या विद्यापीठात शिकलेला तरुण त्याच्या मुलीला शिकवायला येतो, तेव्हा तो दान करत नाही, थकलेल्या कर्जाचा एक हप्ता भरतो. शिवाय सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. हक्काची वस्तू भेट म्हणून कशी देता येईल?

आपल्या ख्रिस्तसभेनेही हे स्पष्ट सांगितले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो दस्तऐवज दिला, त्यात एक इशारा आहे. जे न्यायाने एखाद्याला द्यायलाच हवे, ते प्रीतीची भेट म्हणून पुढे करू नये, असा त्याचा आशय. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० साली कॅथलिक विद्यापीठांविषयी लिहिताना गरिबांना आणि अल्पसंख्याक गटांतल्या लोकांना उच्च शिक्षण कसे मिळेल, याचे मार्ग शोधण्याची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली. म्हणजे गरिबाच्या दारी जाणे हे विद्यापीठाचे फावल्या वेळेतले पुण्यकर्म नव्हे, ते त्याच्या मूळ कामात मोडते.

आता कोणी म्हणेल, "हे सगळे ठीक आहे. पण त्या मुलीला वाचता आले म्हणजे झाले. शिकवणाऱ्याच्या मनात दान आहे की देणे, याने तिला काय फरक पडतो?" हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. भुकेल्या माणसाला भाकरी मिळावी, देणाऱ्याच्या मनाची तपासणी नंतर करता येईल. अपुऱ्या हेतूने केलेल्या कामातूनही पुष्कळ भले होते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० तास सेवेचा नेम आहे. गुण मिळतात म्हणून नाव घालणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत, आणि गुणांसाठी आलेला मुलगा शेवटी पाड्यावरच्या मुलांत रमून गेलेलाही पाहिला आहे.

तरीही फरक पडतो. दान समजून जाणारा माणूस आपण काय दिले ते मोजतो. तास मोजतो, वह्या मोजतो, फोटो काढतो आणि मोजणी संपली की घरी जातो. मूल शिकले नाही तर तो म्हणतो, "आम्ही पुष्कळ केले, पण यांनाच नको आहे." देणे समजून जाणारा माणूस मात्र मूल शिकले नाही तर आपल्या शिकवण्याकडे बघतो, कारण देणे अजून फिटलेले नसते. आमच्या त्या खोलीत "हिचा पाया कच्चा आहे" आणि "आपला शब्द तिच्यापर्यंत पोहोचला नाही" ही दोन वाक्ये शेजारी शेजारी उभी होती. पहिले वाक्य मुलीला चौथीत ढकलते. दुसरे वाक्य आपल्याला चार पावले पुढे चालायला लावते. हेतूचा फरक असा थेट मुलीच्या इयत्तेपर्यंत जातो.

आपल्या बोलण्यातला एक शब्दही इथे तपासायला हवा. महाविद्यालये गाव 'दत्तक' घेतात. दत्तक कोणाला घेतात? ज्याला आईबाप नाहीत किंवा ज्याचे आईबाप सांभाळू शकत नाहीत त्याला. ज्या गावाला आपली माणसे आहेत, आपली बोली आहे, जंगलाची आणि खाडीची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती आहे, त्याला आपण एका ठरावाने दत्तक कसे घेणार? त्या गावाला विचारले तरी होते का? शब्द साधाच आहे, हेतूही वाईट नाही. पण त्या शब्दात आपण बाप झालो आणि ते लेकरू झाले. शेजारी म्हणून गेलो असतो तर?

शेजारी म्हणून जाणे म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते करून दाखवले. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. बालवाडी उघडून मुलांची वाट बघत बसलो तर मुले येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. आज देशभर रुजलेल्या या शब्दाचे मूळ तिथे आहे. वारली मुले दिवसभर गुरे चारायला जात, म्हणून शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. मुले शाळेत का येत नाहीत असे त्या विचारत राहिल्या नाहीत, शाळा मुलांकडे का जात नाही असे त्यांनी स्वतःला विचारले. आणि त्या तिथे राहिल्या. १९४५ साली आलेल्या अनुताई १९९२ साली देह ठेवेपर्यंत याच कामात होत्या. असे आयुष्य प्रत्येकाला देता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण त्यांनी अंतर कापण्याची दिशा घालून दिली आहे, आणि त्या दिशेने थोडे तरी कोणालाही चालता येते.

आपल्या धर्मग्रामाकडे वळून आता थोडे कडू बोलतो, वाचकांनी राग मानू नये. दोन-तीन पिढ्यांपूर्वी आपली माणसेही शेतात, वाडीत, होडीवर राबत होती. कोणीतरी शाळा काढली, कोणीतरी आपल्या आजोबांना हाताला धरून वर्गात बसवले, म्हणून आज आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक आहेत. आपली मुले आता इंग्रजी शाळेत जातात. त्यांना पाठवणाऱ्या आईबापांना आम्ही दोष देत नाही. आमच्याही घरात तेच झाले. पण मराठी शाळेच्या बाकांवर आज कोण उरले, हे पाहतो का आपण? मजुरांची, आदिवासींची, परगावाहून पोट भरायला आलेल्यांची मुले. आपली मुले तिथून उठली तसे आपले लक्षही तिथून उठले. एके काळी अंतराच्या त्या बाजूला आपण होतो, आज या बाजूला आहोत. मधल्या वर्षांत आपण काय विसरलो, ते ती मिठागरावरची मुलगी आठवून देते.

पावसाच्या तोंडावर तिचे कुटुंब गावी परतले. जाताना ती तरुणाला म्हणाली, "आता बाष्पीभवन लिहिता येतं मला." तो तरुण आम्हाला नंतर म्हणाला, "सर, मला आता मीठ कसं पिकतं ते सांगता येतं." दोघांनीही काही मिळवले होते, आणि कोणी कोणाला काय दिले याचा हिशेब आम्हाला करता आला नाही.

येत्या दिवाळीनंतर मिठागरावर पुन्हा माणसे येतील. पण रविवारीही तिथले काम थांबत नाही. गेल्या वर्षी कितीतरी मुले वर्गाला येऊ शकली नाहीत, कारण आमची वेळ मिस्साच्या सोयीने ठरली होती. म्हणून यंदा वर्ग शाळेच्या खोलीत न भरवता मिठागराच्या बांधाजवळ भरवावा, असे त्या तरुणांनी ठरवले आहे. वेळ मुलांच्या आईबापांना विचारून ठरेल आणि भरती-ओहोटी पाहून बदलत राहील. एक ताडपत्री, दोन सोलर दिवे, एक फळा आणि आठवड्यातले दोन तास देऊ शकणारी माणसे लागतील. ज्यांना यायचे असेल त्यांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावे. येताना उत्तरे आणली नाहीत तरी चालेल, तिथे प्रश्न पुष्कळ आहेत.